दिशा बरोबर, माप चुकलं

गेल्या शनिवारी लेकीला राजाबाई टॉवर दाखवायला घेऊन गेलो होतो. बेलापूरहून हार्बरची लोकल पकडली की व्हीटीपर्यंत (सीएसएमटी म्हणायची सवय काही लागत नाही) तास-सव्वा तास निवांत गप्पा मारता येतात. ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहून तिने मान वर केली आणि विचारलं, "बाबा, हा कोणी बांधला?"

"पैसे एका शेअर दलालाने दिले. आईच्या नावाने."

"मग तो खूप श्रीमंत असेल ना?"

"होता. टॉवर बांधून झाला तेव्हा नव्हता."

"म्हणजे?"

आता या "म्हणजे?"चं उत्तर आठवीतल्या मुलीला उभ्या उभ्या देणं कठीण. परतीच्या गाडीत थोडं सांगितलं, मानखुर्द येईपर्यंत ती झोपली. तेव्हा उरलेलं उत्तर इथे लिहितोय. यात थोडा इतिहास आहे, थोडं गणित आहे आणि माझी स्वतःची एक फजिती आहे, जी आजवर घराबाहेर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

तर गोष्ट सुरू होते एप्रिल १८६१ मध्ये, तिकडे लांब अमेरिकेत. उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालत होत्या त्या प्रामुख्याने दक्षिणेतल्या कापसावर. तो येईनासा झाल्यावर गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे पाहिलं. एरवी नाक मुरडून घेतला जाणारा आपला आखूड धाग्याचा कापूस एकदम सोन्याच्या भावाने जाऊ लागला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, मिळेल तिथून गाठोडी मुंबईकडे निघाली. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली होती, पण नागपूरला ती पोचायची होती १८६७ मध्ये. म्हणजे बराचसा माल अजून बैलगाडीनेच यायचा.

या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा सात ते साडेसात कोटी पौंड जास्त पडले, असा आकडा जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या वेळचा पौंड म्हणजे दहा रुपये. करा हिशोब. आणि हा पैसा आला तेव्हाचं शहर म्हणजे गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' मध्ये टिपलेलं. ते पुस्तक १८६३ चं, म्हणजे तेजीच्या ऐन मध्यावरचं.

आजच्या भाषेत याला ट्रेंड म्हणतात. भाव वर चाललाय, कारण ठोस आहे आणि रोज नवा उच्चांक होतोय. ट्रेंडच्या मागे जाणाऱ्याला अजून काय हवं? १८६१ मध्ये ज्याने कापूस घेतला तो बरोबर होता. १८६२ मध्ये घेतला तोही बरोबर, आणि १८६३ मध्ये घेतला तोही. चार वर्षं बरोबर ठरत राहिलं की माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी कळलंय. (या वाक्यावर नंतर परत येणार आहे.)

एवढ्या पैशाचं करायचं काय? लोकांनी कंपन्या काढल्या. १८६५ सालच्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्स कंपन्या, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या (कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या, वर्तमानपत्रवाल्या नव्हेत!), १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. समुद्रात भराव टाकून जमीन करायची आणि ती विकायची. या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्रात अजून धड भरावही पडला नव्हता.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा, मूळचे सुरतचे. तिशीतच शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले होते. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमायचे तो काळ. प्रेमचंदांनी एखाद्या कंपनीला हात लावला की शेअर वर, असा समज होता, आणि समज असला की तसं घडतंही.

इथपर्यंतची गोष्ट 'लोकांना हाव सुटली' अशी सांगितली जाते. ती तशी आहेही. पण मी धंद्याने प्रोग्रॅमर. काही कोसळलं की 'हाव' हे कारण लिहून बग बंद करता येत नाही. यंत्र नेमकं कुठे तुटलं ते शोधावं लागतं. मला सापडलेल्या तीन जागा सांगतो.

पहिली जागा, उसनवारी. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० ची, सरकारचाच हिस्सा असलेली, प्रतिष्ठेची बँक. १८६३ मध्ये तिची सनद बदलली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. आता समजा (हे माझं उदाहरण, नोंदीतलं नाही) एकाकडे दहा हजार रुपये आहेत. त्याने चाळीस हजार कर्ज काढून पन्नास हजारांचा एक बॅकबे घेतला. भाव वीस टक्के वाढला की त्याचे दहाचे वीस हजार झाले. आणि वीस टक्के पडला की दहाचे शून्य. शेअर अजून चाळीस हजारांना विकला जातोय, जगाच्या दृष्टीने कंपनी उत्तम चालली आहे, पण हा माणूस खेळातून बाद. लिव्हरेज म्हणतात ते हेच. भाव बदलला तो वीस टक्के, नशीब बदललं शंभर टक्के.

दुसरी जागा, सगळी अंडी एकाच टोपलीत, पण टोपल्या अनेक आहेत असा भास. बँकेचे शेअर, जमिनीचे शेअर, प्रेसचे, जहाजाचे... घेणाऱ्याला वाटायचं आपण पैसा सगळीकडे विभागलाय. पण बँकेने पैसे दिले होते जमीन कंपनीच्या शेअरवर, जमिनीचा भाव टिकून होता कापसाच्या पैशावर, आणि जहाजात भरला जात होता कापूसच. म्हणजे दहा पोझिशन नव्हत्या, एकच होती, दहा नावांची. आमच्याकडे असं होतं बघा, दहा सर्व्हर लावलेले असतात आणि सगळ्यांची वायर एकाच प्लगमध्ये असते.

तिसरी जागा, तारीख. शेअरचे सौदे पुढच्या तारखेच्या वायद्याने होत. आज भाव ठरवायचा, पैसे आणि माल त्या दिवशी. असे शेकडो वायदे एकाच दिवशी येऊन थांबणार होते, १ जुलै १८६५. आजच्यासारखं रोज संध्याकाळी नफा-तोटा चुकता करणारं क्लिअरिंग हाऊस नव्हतं. कोणाच्या डोक्यावर किती माल आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाची भिस्त समोरच्यावर, आणि समोरच्याची त्याच्या समोरच्यावर.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. तहाच्या नुसत्या अफवांनीही त्याआधी भाव हलायचे, आता तर युद्धच संपलं. बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळायला लागला. पाठोपाठ शेअर. मग बँकांनी तारणाकडे पाहिलं, कर्जदारांना पैसे भरा म्हटलं, ते भरण्यासाठी सगळ्यांनी एकदमच शेअर विकायला काढले, आणि घेणारा कोणी नव्हता. १ जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते आणि विकणाऱ्यांनाही सौदे पुरे करता आले नाहीत. पन्नास हजारांच्या घरातला बॅकबे दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. ती बँकही टिकली नाही, १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्याच वर्षी त्याच जागी नवी बँक उभी केली. (तीच पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि त्यातून १९५५ मध्ये स्टेट बँकेत गेली.)

यात कोण कोण सापडलं पाहिलं की वाईट वाटतं. डॉ. भाऊ दाजी लाड घ्या. गोव्यातल्या मांद्र्याचा मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला, जुने शिलालेख वाचणारा, राणीच्या बागेतल्या म्युझियमसाठी खपणारा. आज ते म्युझियम त्यांच्याच नावाने आहे. असा विद्वान, सावध माणूसही या शेअरच्या वावटळीत सापडला आणि कमावलेलं घालवून बसला. नसरवानजी टाटांची पेढीही अडचणीत आली. त्यांचा मुलगा जमशेटजी तेव्हा पंचविशीतला, कामासाठी लंडनला गेलेला, आणि तिथे देणेकऱ्यांना तोंड द्यायची पाळी त्याच्यावर आली. हे मूर्ख लोक नव्हते. जुगारी तर नव्हतेच.

आणि आता मला सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा. ही मंडळी दिशेच्या बाबतीत चुकली होती का?

जरा लांबून बघा. मुंबई कापसावर मोठी होणार, हे त्यांचं म्हणणं होतं. झालीच. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, पुढच्या दशकांत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. समुद्र हटवून केलेली जमीन सोन्याची होणार, हे त्यांचं दुसरं म्हणणं. तेही खरं झालं. बॅकबेचा भराव नंतर टप्प्याटप्प्याने झाला, १९२० च्या दशकातल्या सरकारी योजनेचीही फजिती झाली, पण शेवटी मरीन ड्राइव्ह आलं, नरिमन पॉइंट आलं, आणि त्या जमिनीचा भाव काय झाला ते मी सांगायला नको. ज्या बॅकबेच्या नावाने लोक बुडाले, ती बॅकबे देशातल्या सगळ्यात महागड्या जागांपैकी एक ठरली.

दिशा बरोबर होती हो! फक्त त्यांच्याकडे मुदत होती १ जुलैपर्यंत, आणि डोक्यावर माल होता पेलवेल त्याच्या पाचपट. माप चुकलं होतं.

असो. आता माझी गोष्ट.

२००७ साली मी कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. ऑफिसात सगळे शेअरवर बोलायचे. मला वाटलं, आपण प्रोग्रॅमर, आपण भावनेने नाही, नियमाने खेळू. रोज संध्याकाळी एनएसईची भावकॉपी उतरवून घ्यायची आणि मी पर्लमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टला खाऊ घालायची. निफ्टीने ठरावीक दिवसांचा उच्चांक मोडला की घे, ठरावीक दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर पड. ट्रेंडच्या मागे जाणारी अगदी साधी सिस्टीम. जुन्या भावांवर चालवून पाहिली, चांगली चालली. मग सप्टेंबरात अडीच लाख रुपये घेऊन निफ्टी फ्युचर्समध्ये उतरलो. हे पैसे खारघरच्या घराच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले होते. लग्न होऊन वर्ष झालं होतं.

पहिले दोन लॉट घेतले. निफ्टी साडेचार हजारांच्या आसपास होता, तो सुसाट निघाला. नफा आला की त्या नफ्याचं मार्जिन भरून पुढचा लॉट. जानेवारी २००८ च्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे सहा लॉट होते आणि खात्यात दिसत होते साडेपाच लाख. त्या वेळी एक लॉट ५० चा. चार महिने बरोबर ठरल्यावर मला वाटत होतं की आपल्याला काहीतरी कळलंय. (सांगितलं होतं ना, त्या वाक्यावर परत येईन.)

मग घसरण सुरू झाली. शुक्रवार १८ जानेवारीला निफ्टी ५७०५ ला बंद झाला आणि संध्याकाळी माझ्या स्क्रिप्टने स्वच्छ शब्दांत सांगितलं, बाहेर पड. सिस्टीम चुकली नाही. पण वरच्या टोकापासून तोपर्यंत माझे पावणेदोन लाख गेले होते. सोमवारी सकाळी विकायचं बटण दाबायला हात उचलला आणि हात हलेना. वाटलं, एवढा तोटा पक्का करायचा? जरा वर येऊ दे. दुपारपर्यंत निफ्टी पाच हजारांच्याही खाली जाऊन आला, बंद झाला ५२०८ ला. आणखी दीड लाख गेले. रात्री ब्रोकरकडून फोन, मार्जिन कमी पडतंय, पैसे भरा. माझ्याकडे भरायला काही नव्हतं. मंगळवारी २२ तारखेला बाजार उघडताच कोसळला, आणि त्या गडबडीत ४७०० च्या आसपास माझे सहाही लॉट परस्पर विकले गेले. मग लोअर सर्किट लागून तासभर बाजार बंद. त्याच दिवशी संध्याकाळी निफ्टी ४८९९ ला बंद झाला, पण तोपर्यंत मी त्यात नव्हतो. खात्यात उरले पंचाहत्तर हजार.

बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती ओरडली नाही, ते जास्त लागलं. रविवारी आप्पांना, म्हणजे वडिलांना सांगायला गेलो. त्यांची सगळी नोकरी सरकारी, शेअरशी कधी संबंध नाही. मी त्यांना अमेरिकेतलं संकट, परदेशी संस्थांची विक्री वगैरे समजावत होतो. ते ऐकून घेऊन म्हणाले,

"ते असू दे. तू किती घेतलं होतंस?"

"सहा लॉट."

"तसं नाही. रुपयांत. किती रुपयांचा माल?"

मी डोक्यात गुणाकार केला. सहा गुणिले पन्नास गुणिले सहा हजार. "अठरा लाखांचा."

"आणि तुझ्याकडचे किती होते?"

"...अडीच."

आप्पा पुढे काहीच बोलले नाहीत. चहा घेतला आणि पेपर उघडला.

घरी येऊन स्क्रिप्ट उघडून पाहिली. दोनशेच्या वर ओळी होत्या. कधी घ्यायचं, कधी विकायचं, सुट्टीचे दिवस, भावकॉपीतल्या चुका, सगळ्याची सोय. 'किती घ्यायचं' यासाठी एकही ओळ नव्हती. तो आकडा मी ठरवतच नव्हतो. ब्रोकरचं मार्जिन जेवढं परवानगी देईल तेवढं घ्यायचो. म्हणजे बँक ऑफ बॉम्बे देईल तेवढं कर्ज घेणारा तो १८६५ चा माणूस आणि मी, फरक काय?

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे कोडं जुन्या लोकांनी सोडवून ठेवलेलं आहे. १९८३ मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी काही नवख्या लोकांना ट्रेंडच्या मागे जाण्याची पद्धत शिकवली. त्यांना 'टर्टल्स' म्हणजे कासवं म्हणत. त्यांचे घ्यायचे-विकायचे नियम माझ्यासारखेच साधे होते, उच्चांक मोडला की घे. खरी ताकद होती मापात. बाजार रोज सरासरी किती हलतो तो आकडा काढायचा. तेवढ्या हालचालीने आपल्या भांडवलाचा एक टक्का हलेल, इतकाच माल एका वेळी घ्यायचा. त्याच्या दुप्पट उलटं गेलं की बाहेर, म्हणजे एका सौद्यात तोटा साधारण दोन टक्के.

माझ्या आकड्यांत बसवू. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी रोज साधारण १२० अंक हलत होता असं धरू. एका लॉटला ५० ने गुणलं की ६००० रुपये. साडेपाच लाखांचा एक टक्का ५५००. म्हणजे नियमाने माझं माप एका लॉटलाही थोडं कमीच पडत होतं. फार तर एक लॉट. मी घेतले होते सहा! माझा धोका एका सौद्याला दोन नव्हे, तेरा टक्के होता.

हे तेरा आणि दोन ऐकायला फार वेगळे वाटत नाहीत, पण ट्रेंडच्या मागे जाणाऱ्याचे दहातले सहा-सात सौदे तोट्यातच जातात. लहान लहान तोटे सोसत राहायचं आणि एखाद्या मोठ्या लाटेत सगळं वसूल करायचं, हाच तर त्या पद्धतीचा स्वभाव. तेव्हा लागोपाठ दहा तोटे कधीतरी येणारच. दोन टक्क्यांनी दहा वेळा हरलात तर शंभरातले ८२ उरतात, माणूस वैतागतो पण उभा असतो. तेरा टक्क्यांनी दहा वेळा हरलात तर उरतात २५. मग पूर्वपदावर यायला पैसे चौपट करावे लागतात. म्हणजे जानेवारी २००८ आला नसता तरी माझ्या सिस्टीमने मला कधी ना कधी बुडवलंच असतं, आणि सिस्टीम बिचारी बरोबरच असती.

अजून दोन गोष्टी त्या कासवांच्या नियमांत होत्या ज्या वाचून मला थेट १८६५ आठवलं. एक, एकमेकांबरोबर हलणाऱ्या बाजारांत मिळून किती माल घ्यायचा यावर वेगळी मर्यादा. ३१ बँका आणि ८ जमीन कंपन्या म्हणजे एकच पोझिशन, हे त्यांना माहीत होतं. दोन, भांडवल दहा टक्के घटलं की पुढचे सौदे करताना ते वीस टक्के घटलंय असं समजायचं. म्हणजे हरताना लहान व्हायचं. आपण नेमकं उलट करतो.

आणि एक गोष्ट कुठल्या सूत्रात नाही, पण सोमवारी सकाळी मला कळली. माप मोठं असलं की नियम पाळवत नाही. एक लॉट असता तर शुक्रवारपर्यंत तीस हजारांच्या आत तोटा झाला असता, शिव्या घालत मी बटण दाबलं असतं आणि ऑफिसला गेलो असतो. सहा लॉटनी माझा हात धरून ठेवला. शिस्त हा स्वभावाचा गुण आहे असं मला वाटायचं. आता वाटतं, शिस्त बरीचशी मापावर अवलंबून असते.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला. बदलला खरा. शेअरचे सौदे व्याज भरून पुढे ढकलायची 'बदला' पद्धत सेबीने जुलै २००१ मध्ये बंद केली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २००० मध्ये, इंडेक्स फ्युचर्स आले. रोज संध्याकाळी हिशोब चुकता होतो, मार्जिन कापलं जातं. त्यामुळे २००८ मध्ये माझ्या बुडण्याने शेजारचा बुडाला नाही, १८६५ सारखी साखळी तुटली नाही. ही मोठीच सुधारणा आहे. पण नीट बघा, मार्जिन ही सोय बाजाराला माझ्यापासून वाचवते. मला माझ्यापासून वाचवत नाही. मार्जिन म्हणजे 'किमान इतके पैसे हवेत' एवढंच. आपण त्याचा अर्थ 'इतकं घ्यायला हरकत नाही' असा लावतो.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. यातल्या सगळ्यांचीच दिशा चुकली असेल यावर माझा विश्वास नाही. किती जणांच्या वहीत 'किती' हा रकाना होता, हे मला विचारावंसं वाटतं.

आता जरा आमच्या गावाबद्दल. १९६५ मध्ये, म्हणजे त्या १ जुलैनंतर बरोबर शंभर वर्षांनी, चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी 'मार्ग' मासिकात मांडलं की मुंबईच्या दक्षिण टोकालाच भराव घालून कचेऱ्या कोंबण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. इथल्या एका तुकड्याला नावच दिलं सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, सीबीडी! तेव्हा इथे बिझनेस नव्हता आणि डिस्ट्रिक्टही नव्हता. लोकल बेलापूरला आली ती १९९३ मध्ये. तेवीस वर्षं हे शहर नुसतं वाट बघत होतं. हाही एक मोठा डावच होता, पण त्याच्या डोक्यावर १ जुलै नव्हता म्हणून तो टिकला. अर्थात ही थांबण्याची किंमत फुकट नव्हती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी गावांनी ती दिली, १९८४ मध्ये जासईला गोळीबारात पाच जण गेले. सरकारला थांबता आलं, त्यांना मात्र थांबायला लावलं गेलं. मापाचा हिशोब करताना तोटा कोणाच्या खात्यात पडतोय हेही बघायला हवं, हे मला फार उशिरा सुचलं.

माझ्याही घरी तेच झालं होतं. डाऊन पेमेंट गेलं ते माझं एकट्याचं नव्हतं. खारघरचं घर झालं नाही. पाच वर्षं आणखी भाड्याने काढली, मग बेलापूरला जुन्या बिल्डिंगमध्ये घेतलं, तिथेच बसून हे लिहितोय. बायको अजूनही कधीतरी खारघरवरून जाताना त्या बिल्डिंगकडे बघते आणि काही बोलत नाही. मी अजूनही थोडं ट्रेडिंग करतो. स्क्रिप्ट आता पायथनमध्ये आहे. पहिल्या दहा ओळी 'किती' याच्याच आहेत, आणि त्यातून बऱ्याचदा उत्तर येतं, शून्य. (कोणी याला सल्ला समजू नये. मी तज्ज्ञ नाही, ठेच लागलेला माणूस आहे.)

आणि प्रेमचंद रायचंद? १८६५ ने त्यांनाही जमिनीवर आणलं. पुढे ते हळूहळू सावरले, दलाली करत राहिले, १९०६ मध्ये गेले. पण तेजी ऐन भरात असताना त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये देऊन टाकले होते. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं एवढी इच्छा. काम पुरं झालं १८७८ मध्ये, सगळं कोसळून तेरा वर्षं झाल्यावर. बाजारात ठेवलेले लाखो रुपये गेले. जे बाहेर काढून ठेवले होते, तेवढे मात्र अजून उभे आहेत, ओव्हलच्या कडेला, २८० फूट.

लेकीला आज नाश्त्याच्या वेळी हे सांगितलं. तिने विचारलं, "मग त्याने सगळेच पैसे टॉवरला का नाही दिले?"

मी म्हटलं, "खा आधी."